‘काका, मेमरी वीस जीबी केली!’

मार्चअखेर आली की सोसायटीचे हिशेब माझ्या गळ्यात पडतात. २०१९ साली घेतलेला लॅपटॉप एक्सेल उघडायलाच पाच मिनिटं लावायला लागला, म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात टाकला. "काका, रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, कमी पडतेय. ३,२०० होतील, संध्याकाळी या."

संध्याकाळी दुकानातल्या पोराने टास्क मॅनेजर (लॅपटॉपवर काय, किती चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. 'कमिटेड', पुढे ३.४/१९.९ जीबी. "बघा, वीस झाली." आणि लॅपटॉप खरंच पळत होता! यूपीआयने पैसे दिले. बिल मागायचं सुचलंच नाही.

घरी आल्यावर अक्षरं खडबडीत दिसू लागली. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला. तिसऱ्या दिवशी एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले, तर सगळं ठप्प. डिस्क १०० टक्के, आतून नुसती घरघर.

रविवारी खारघरहून भाचा आला. त्यानेही टास्क मॅनेजरच उघडला, पण मेमरीच्या पानाचा वरचा उजवा कोपरा पाहिला. तिथे ४ जीबी. खाली स्लॉट, म्हणजे रॅमच्या स्टिक बसवायच्या खाचा, दोनपैकी एकच भरलेला. "मामा, घेतलात तेव्हा किती होती?" कपाटातून जुनं बिल काढलं. ८ जीबी, चार-चारच्या दोन स्टिक.

म्हणजे वाढवली नाहीच, उलट एक काढून घेतली. वर हार्ड डिस्कवरची १६ जीबी जागा व्हर्च्युअल मेमरीला लावून दिली. 'कमिटेड'मधला दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि ही डिस्कवरची फाइल यांची बेरीज. रॅम भरली की विंडोज तिथला माल डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि फिरणारी डिस्क वेगात रॅमच्या पासंगालाही पुरत नाही. मग सुरुवातीला पळाला कसा? चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम दुकानातल्या पोराने बंद केले होते आणि खिडक्यांची सावली, हालचाल वगैरे सजावटही. त्या सजावटीतच अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूण असते, तीही गेली. चष्मा बिचारा निर्दोष! हे सगळं घरबसल्या फुकटात होतं.

भाच्याच्या मते ८ जीबी मला पुरेशी होती, दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, विकली असती तर दुकानदाराचाही धंदा झाला असता, माझंही काम झालं असतं.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं. "आत एकच होती. फोटो आहे का?" नव्हता. तुम्ही मात्र लॅपटॉप काउंटरवर ठेवण्याआधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरीचं पान उघडा आणि कोपऱ्यातला आकडा व स्लॉट दिसतील असा फोटो त्याच्यादेखत काढा. झाकणही समोरच उघडायला लावा. मी तेवढ्यात वडापाव खायला गेलो होतो.

जुनं बिल आणि यूपीआयची पावती जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तोवर हिशेब भाच्याच्या लॅपटॉपवर.