एकत्र प्रार्थना की समोरासमोर कबुली?

मोठ्या अत्याचारानंतर समेट कशाने होतो? दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाची पहिली सुनावणी एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन शहरात झाली. आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी ती प्रार्थनेने सुरू केली. दुसऱ्या दिवशी छळ सोसलेल्या एका माणसाची साक्ष ऐकताना ते टेबलावर डोकं टेकवून रडले. एकट्याला न पेलणारं दुःख सगळे मिळून उचलतात, हे अशा प्रार्थनेचं बळ. पण ‘आम्ही पाप केलं’ म्हणताना ‘मी’ सहज लपून जातो.

रवांडात हे फार टोचतं. १९९४च्या वंशसंहारात न्यामाटाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्यांचीच कत्तल झाली. तिथल्या बाकांवर मृतांचे कपडे रचून ठेवले आहेत. तिथे नुसत्या सामूहिक प्रार्थनेने कसं भागेल? पुढे या गुन्ह्यांसाठी भरलेल्या गावोगावच्या ‘गचाचा’ न्यायसभांमध्ये कबुली द्यायची तर काय केलं, कुणाला मारलं, प्रेत कुठे टाकलं, हे शेजाऱ्यांसमोर सांगावं लागे. त्यातून काहींना आपल्या माणसाची हाडं तरी मिळाली. अर्थात, कबुलीने शिक्षा कमी होई, त्यामुळे पश्चात्ताप खरा की सोयीचा, हे कळणं अवघड. शिवाय सगळा गाव बघत असताना ‘नाही, माफ करत नाही’ म्हणणं सोपं नसतं.

मला तरी कबुली आधी हवी, प्रार्थना नंतर. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातही दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. आणि जिला माफ करणं अजून जमत नाही, तिलाही उपासनेत जागा हवी, ती ओठ मिटून बसली तरी.