झॅमरिनचा सपोर्ट संपला: माउई घ्यायचं की फ्लटर?

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा तिकडे रबाळे-महापे पट्ट्यात कारखान्यांची स्टॉक मोजणीची, डिस्पॅचची मोबाइल ॲप्स सांभाळणाऱ्या छोट्या टीमसाठी हे लिहितोय. झॅमरिन म्हणजे सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत एकदाच कोड लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १ मे २०२४ रोजी थांबवला. आता पर्याय दोन: माउई, म्हणजे मायक्रोसॉफ्टनेच काढलेला झॅमरिनचा वारसदार, किंवा गूगलचं फ्लटर. ‘ॲप चालतंय ना, मग राहू दे’ हे स्टोअरवरच्या ॲपला आता लागू होत नाही. झॅमरिन अँड्रॉइड १४ आणि एक्सकोड (आयफोनची ॲप्स बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) १५ पर्यंतच पोचलं. ॲपलने एप्रिल २०२५ पासून किमान एक्सकोड १६ सक्तीचं केलं, आणि गूगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेट किमान अँड्रॉइड १५ साठी बनवलेलं असण्याची अट घातली. म्हणजे साधी चूक दुरुस्त केली तरी ती ग्राहकाच्या फोनपर्यंत पोचवता येत नाही. गोदामातल्या हँडहेल्ड स्कॅनरवर एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) स्टोअरशिवाय थेट टाकत असाल, तर मात्र सवड आहे.

माउईचा मोठा फायदा म्हणजे सी शार्प कायम राहतं. हिशेबाचा, सिंकचा, डेटाबेसचा कोड वेगळ्या प्रोजेक्टमध्ये असेल तर तो थोड्याफार बदलाने चालतो. बारकोड स्कॅनरशी बोलणारा अँड्रॉइडचा कोडही बराचसा तसाच नेता येतो. कारखान्याच्या ॲपमध्ये खरं दुखणं तिथेच असतं, म्हणून मी याला सगळ्यात जास्त वजन देतो. वेळ जातो तो कस्टम रेंडरर (स्क्रीनवरचे घटक आपल्या पद्धतीने दाखवणारा झॅमरिनचा कोड) काढून त्याजागी माउईचे हँडलर लिहिण्यात आणि जुन्या नुगेट पॅकेजांना (बाहेरून घेतलेल्या तयार कोडला) पर्याय शोधण्यात. आणखी एक गोष्ट ग्राहकाला आधीच सांगा: माउईच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण दीड वर्षच सपोर्ट मिळतो. माउई ज्यावर चालतं त्या डॉटनेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, पण माउई ८ चा मे २०२५ मध्येच संपला. दरवर्षीच्या अपग्रेडचे पैसे एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरलेच पाहिजेत.

फ्लटर म्हणजे डार्ट या वेगळ्या भाषेत सगळं नव्याने लिहिणं. स्क्रीन स्वतः रंगवत असल्याने ती अँड्रॉइड आणि आयफोनवर सारखी दिसते, हॉट रीलोडमुळे (कोड बदलला की चालू ॲपमध्ये लगेच दिसतो) डिझाइन पटापट बसतं. पण स्कॅनरसाठी कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत पूल बांधावा लागतो, आणि जुन्या आवृत्तीला सपोर्टची हमी इथेही नाही. दुरुस्त्या चालू स्टेबल आवृत्तीलाच मिळतात.

माझं मत: लॉजिक वेगळं असेल आणि टीम सी शार्पची असेल, तर माउईच. सगळा कोड स्क्रीनच्या मागे कोंबलेला असेल, तर तो नाहीतरी पुन्हा लिहावा लागणार. तेव्हा फ्लटरचा विचार जरूर करा.

मॅकसाठीचा व्हिज्युअल स्टुडिओ (कोड लिहायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) हाही ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. मॅकवर माउईसाठी व्हीएस कोड किंवा रायडर वापरा. रायडरला व्यावसायिक कामासाठी लायसन्स विकत घ्यावं लागतं. आयफोनचं ॲप तयार करायला मॅक माउई आणि फ्लटर दोन्हींत लागतोच.

कोटेशन देण्याआधी ॲपमधली सगळ्यात किचकट स्क्रीन, बहुधा स्कॅनिंगचीच, दोन्हींत करून बघा आणि ती ग्राहकाच्याच स्कॅनरवर चालवा.