'लेट'च्या कसोटीवर ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी

शब्दकोश पारखायचा तर अवघड शब्द काढू नये, रोजचा काढावा. 'लेट' घ्या. छोट्या इंग्रजी-मराठी कोशांत 'उशिरा, उशीर झालेला, दिवंगत' असं सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं. कुठला अर्थ कुठे लागतो, ते ज्याचं त्यानं बघावं.

'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' इथेच उजवी ठरते. वेबसाइटवर ती फुकट बघता येते. 'दिवंगत' या अर्थाआधी 'ओन्ली बिफोर नाउन' अशी चौकटी कंसातली खूण आहे, म्हणजे हा अर्थ फक्त नामाच्या आधी. 'हर लेट हजबंड' म्हणजे तिचे दिवंगत पती; पण 'हर हजबंड इज लेट' म्हटलं की नवरा धडधाकट आहे, यायला उशीर झालाय एवढंच. निधन कळवताना 'ही इज लेट' लिहिणारे यातच फसतात. दुसरा घोळ 'माजी'चा. माजी अध्यक्षांना 'फॉर्मर' म्हणतात. 'लेट' लावलं की त्यांना जिवंतपणीच हार घातला!

'इन हर लेट ट्वेंटीज'मध्ये उशिराचा संबंधच नाही, वय साधारण 27 ते 29. उशीर किती ते मराठीसारखंच आधी येतं: 'टेन मिनिट्स लेट'.

ही खूणपद्धत उगाच आलेली नाही. ए. एस. हॉर्नबी यांचा मूळ कोश 1942 साली टोकियोत निघाला, तोच इंग्रजी परकी असलेल्यांसाठी.

खोट आहे ती मांडणीत. खुणा बारीक अक्षरात, त्याही इंग्रजीत. घाईत नजर सरळ उदाहरणावर जाते. क्रियाविशेषण 'लेट'ची नोंद वेगळ्या पानावर आहे, 'लेटली'ची आणखी वेगळी. त्यामुळे 'उशिरा आला'साठी 'ही केम लेटली' लिहिणाऱ्याला विशेषणाच्या पानावर कुणी अडवत नाही. 'लेटली' म्हणजे अलीकडे. उशिरासाठी 'ही केम लेट' पुरतं.

उच्चाराची ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही बटणं जरूर दाबा. आपला सपाट 'लेट' इंग्रजी कानाला 'होऊ दे'वाला वाटू शकतो. खरा उच्चार 'लेइट'कडे झुकतो. 'नंतर' या अर्थाचं अमेरिकन 'लेटर' तर जवळजवळ 'लेडर' ऐकू येतं. मराठी अर्थ इथे मिळणार नाही, नवशिक्यानं द्विभाषिक कोश शेजारी उघडा ठेवावा.