बिल खरं, माल खरा, खातं चोराचं

२०२५च्या मार्चअखेरीला आमच्या दादरच्या शिक्षणसंस्थेचे ३ लाख ८६ हजार रुपये गेले. माल वेळेवर मिळाला होता, बिलात एक पैशाची चूक नव्हती, प्रिन्सेस स्ट्रीटचा व्यापारी जुन्या ओळखीचा. खातं तेवढं भलत्याचं. सगळ्याच संस्थांचा व्यवहार आता मेलवर चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रयोगशाळेसाठी मायक्रोस्कोप, ब्युरेट आणि बाकीचं काचसामान मागवलं होतं. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवं, त्यामुळे आमच्या हिशेब विभागात धांदल. त्यातच व्यापाऱ्याशी चाललेल्या मेलच्या साखळीत उत्तर आलं: जुन्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, पेमेंट सोबतच्या खात्यात करावं. खाली आमचा आधीचा पत्रव्यवहार जसाच्या तसा. लेटरहेड, शिक्का, कॅन्सल चेक, सगळं जोडलेलं. शिवाय नवे तपशील बघायला एक लिंक. कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाने ती फायरफॉक्स ब्राउझरमध्ये उघडली, वरच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "एचटीटीपीएस आहे, कुलूप दिसतंय. टाका बिनधास्त." ट्रस्टींची सही झाली, आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून थेट त्या खात्यात, पैसे गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुकानातून फोन आला, "साहेब, आमचं पेमेंट राहिलंय ना?"

मग तो मेल छापून भिंगाखाली धरला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी चिकटवलेले. स्क्रीनवरच्या बारीक टायपात ते कुणालाही 'एम'च वाटावेत.

कुलूप खोटं नव्हतं, हीच गंमत आहे. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि समोरच्या सर्व्हरच्या मधे कुणी वाचू किंवा बदलू शकत नाही. समोरचा कोण, त्याची नियत काय, याची हमी त्यात नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं किंवा मेलच्या पत्त्यातलं @ पुढचं नाव, ज्याच्या नावावर त्याला कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोक कुलूप पाहून गाफील राहतात म्हणूनच गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढलं. मेलचंही तेच. मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे बघणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्यांत तो मेल पास झाला, कारण डोमेन चोराचंच होतं आणि मेल त्याच डोमेनवरून रीतसर निघाला होता. आम्ही अगदी सुरक्षितपणे चोराशी बोलत होतो.

आमचा पत्रव्यवहार त्याच्याकडे गेला कसा? व्यापाऱ्याचा पासवर्ड फुटला होता. त्याच्या मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये एक नियम सापडला: आमच्याकडून येणारा प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायचा आणि व्यापाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये तो आरएसएस फीड्स नावाच्या, मेल प्रोग्रॅममध्ये आयत्याच असलेल्या फोल्डरात ढकलायचा. त्या फोल्डरात कोण कशाला बघतंय? पासवर्ड बदलला तरी असा नियम तसाच राहतो, तो हातानेच काढावा लागतो.

बँकेने नाव का पडताळलं नाही, असं सगळेच विचारतात. आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर, नाव जुळवून नव्हे. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. आमचे पैसे त्याच्या चार दिवस आधी गेले. नशीब म्हणतात ते हेच.

कळल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे पुढच्या खात्यांत पळण्याआधी ही तक्रार झाली तर रक्कम गोठवता येते. आम्हाला आठवडा उलटून गेला होता, हाती लागले ४१ हजार, तेही अजून गोठवलेलेच.

आता आमच्याकडे खातं बदलल्याचा मेल आला की तो बाजूला ठेवतात आणि जुन्या छापील बिलावरच्या नंबरावर फोन लावतात. मेलमधल्या नंबरावर नाही, तो चोरच उचलणार. 'आधी एक रुपया टाकून बघू' हेही पुरेसं नाही, 'मिळाला' असं मेलवर कळवायला तो बसलेलाच असतो.

व्यापाऱ्याशी महिनाभर हुज्जत चालली. मेलबॉक्स त्यांचा फुटला, पैसे आम्ही पाठवले. शेवटी नुकसान अर्धं अर्धं वाटून घेतलं. आमच्या अर्ध्याची तरतूद कुठल्या खर्चात दाखवायची, यावर ऑडिटरशी अजून बोलणी चालू आहेत.