टर्की टेल आणि रेशी: किमोनंतर बरेच महिने घेऊन बघितल्यावर

आतड्याच्या कॅन्सरची किमो संपल्यावर ऑन्कोलॉजिस्टना विचारूनच टर्की टेल आणि रेशी या मशरूमच्या कॅप्सूल सुरू केल्या, त्याला आता बरेच महिने झाले म्हणून लिहितेय. आधीच सांगते, गाठ गेली ती ऑपरेशनने आणि किमोने, त्यामुळे "हे घेऊन किमो टाळता येईल का" असं कोणाच्या मनात असेल तर नाही, अजिबात नाही.

पहिला डबा बेकार निघाला. वर मोठ्या अक्षरात पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) इतके टक्के, पण अहो स्टार्च पण पॉलिसॅकराइडच ना! मशरूममधलं कामाचं म्हणजे बीटा-ग्लुकन, त्याचा आकडा कुठेच नाही. बऱ्याच कंपन्या धान्यावर मायसेलियम (मशरूमचं मुळांसारखं धाग्यांचं जाळं) वाढवतात आणि मग धान्यासकट सगळं दळून कॅप्सूल भरतात. मी थोडी पावडर पाण्यात उकळली, गार झाल्यावर आयोडीनचे थेंब टाकले, तर पाणी निळं-काळं, म्हणजे स्टार्च भरपूर. मग दुसरं घेतलं, मशरूमच्या छत्रीचं, गरम पाण्यात काढलेलं एक्स्ट्रॅक्ट, बीटा-ग्लुकन वेगळं छापलेलं, त्यात आयोडीनचा रंग बदललाच नाही. ही घरगुती टेस्ट फक्त स्टार्च दाखवते, बीटा-ग्लुकन किती ते नाही, पण कचरा पकडायला पुरते. 2017 मध्ये अमेरिकेत विकली जाणारी रेशीची 19 सप्लिमेंट्स तपासल्याचा एक पेपर आहे, त्यात खरोखर रेशी म्हणावीत अशी 5 च निघाली.

गरम पाणी का, तर मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची, आपल्या पोटाला ती नीट फोडता येत नाही, नुसती वाळवून दळलेली पावडर खाल्ली तर बराचसा माल तसाच बाहेर. रेशीतले ट्रायटरपीन (तिच्यातला दुसरा कामाचा घटक) मात्र पाण्यात फारसे उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं, म्हणून रेशी घ्यायचीच तर ड्युअल एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे पाणी आणि अल्कोहोल दोन्हींनी काढलेलं, बघा.

आता मुख्य मुद्दा, कारण सगळे व्हिडिओ इथेच गंडवतात. "मशरूम कॅन्सरच्या पेशी मारतं" हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून बनवलेलं आहे. बीटा-ग्लुकन पेशी मारण्यासाठी ओळखलं जात नाही, ते आपल्या मॅक्रोफेजवरच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच्या) डेक्टिन-1 नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि इम्युन सिस्टीमला जागं करतं. टर्की टेलमधून काढलेलं पीएसके जपानमध्ये 1977 मध्ये मंजूर झालं आणि पोटाच्या, आतड्याच्या कॅन्सरमध्ये किमोच्या जोडीला वापरलं गेलं, जोडीला हं, किमोच्या ऐवजी नाही. (आणि गंमत म्हणजे पीएसके मायसेलियमपासूनच बनायचं, म्हणजे मायसेलियम वाईट नाही, त्यात मिसळलेलं धान्य वाईट.) शिताके मशरूममधलं लेंटिनन तर तिकडे इंजेक्शनने द्यायचे, त्यामुळे शिताके परतून खाल्लं की तोच फायदा असं कोणी म्हणत असेल तर सोडून द्या.

दुसरा गट खरोखर पेशींवर वार करणारा. रेशीतली गॅनोडेरिक ॲसिड्स (म्हणजे वर सांगितलेले ट्रायटरपीनच) प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये कॅन्सर पेशींची वाढ थांबवतात, त्यांना मरायला लावतात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण डिशमध्ये ते थेट पेशींवर ओततात, आणि आपण गिळलेल्या कॅप्सूलमधून रक्तात पोचतं ते त्यापुढे अगदीच थोडं. कॉर्डिसेप्स नावाच्या बुरशीतलं कॉर्डिसेपिन याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, हा रेणू आरएनए बनवायला लागणाऱ्या ॲडेनोसिनसारखाच दिसतो, फक्त एक ऑक्सिजन कमी, पेशी त्याला आरएनएच्या साखळीत बसवते आणि साखळी तिथेच थांबते. झकास ना? पण रक्तातलं एक एन्झाइम त्याला काही मिनिटांत निकामी करतं. म्हणून तर ऑक्सफर्डच्या लोकांनी न्यूकाना कंपनीबरोबर त्याचं बदललेलं रूप, एनयूसी-7738, औषध म्हणून ट्रायलमध्ये नेलं. कॉर्डिसेप्सची कॅप्सूल म्हणजे ते औषध नव्हे.

माझा अनुभव म्हणाल तर टर्की टेलला चव जवळपास नाही, सुरुवातीला पोटात गॅस झाला, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर गेला. थकवा कमी झाला हे खरं, पण किमो संपून महिने झाले की तो तसाही कमी होतो, त्यामुळे श्रेय कोणाला देऊ? पांढऱ्या पेशींचे रिपोर्ट सुधारले त्याचंही तेच. रेशी कडूजहर आहे, तो कडूपणा ट्रायटरपीनचाच, म्हणून कडू नसलेल्या रेशीवर माझा विश्वास नाही. झोप जरा बरी लागली असं वाटलं, वाटलं एवढंच.

पोर्ट (किमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं उपकरण) काढायचा ठरला तेव्हा सर्जननी रेशी आधीच बंद करायला सांगितली, रक्त गोठायला वेळ लागू शकतो म्हणून. ती नंतर मी सुरूच केली नाही. रेशीची पावडर घेऊन लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि कॉक्रेन या सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा रिव्ह्यू पण म्हणतो की एकटी रेशी कॅन्सरवर उपचार म्हणून वापरावी इतका पुरावा नाही, किमो-रेडिएशनच्या जोडीला चालेल इतकंच. टर्की टेल चालू आहे, दर फॉलोअपला डॉक्टरांना डबा दाखवते आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घेते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ट्रान्सप्लांट झालं असेल तर विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नका.

चागा या आणखी एका मशरूमबद्दल विचारणारे बरेच असतात. मी घेतलं नाही, घेणारही नाही, त्यात ऑक्सलेट प्रचंड असतं आणि चागा पावडर रोज खाऊन किडनी गेल्याची केस जपानमधून छापून आलेली आहे.