झडीत न्हाणीतून पाणी उलटं येतं: उभा पाइप, झडप की पंप?

सिमेंटचा रस्ता झाला की नाली उंच होते आणि जुनं घर खड्ड्यात जातं. मग श्रावणाच्या झडीत तुंबलेल्या नालीचं पाणी पाइपातून मागे फिरतं आणि न्हाणीच्या जाळीतून वर येतं. खर्च करण्याआधी लेव्हलची नळी, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून पाहा. नालीच्या पाण्याची भिंतीवरची खूण जाळीपेक्षा किती वर आहे, त्यावर उपाय ठरतो.

फूटभराच्या आत असेल तर उभा पाइप पुरतो. जाळी काढायची आणि त्या तोंडात रबरी रिंग घालून दोन फुटी पाइप घट्ट बसवायचा. पाणी त्या पाइपातच चढतं आणि नालीच्या पातळीला थांबतं. मोरी त्याच लाइनवर असेल तर तिथेही हेच करावं लागेल. पण तो बसवायला घरी माणूस हवा. बोळा कोंबून वर वीट ठेवण्यात अर्थ नाही: चार इंची तोंडावर तीन फूट पाण्याचा दाब साडेसात किलोच्या आसपास असतो, वीट असते तीनेक किलोची.

खूण त्याहून वर असेल, किंवा घर दिवसभर बंद राहत असेल, तर झडप म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व घ्या. आमचा कौल हिलाच. घरच्या सगळ्या लाइन एकत्र झाल्यावर, नालीच्या अलीकडे दीड फुटी चेंबर बांधून त्यात ती आडवी बसवायची. बाण नालीकडे, बिजागरी वर. चेंबरचं झाकण उचलता येईल असंच ठेवा, कारण केस आणि शिळा भात झडपेच्या आतल्या झुलत्या पाळीखाली अडकला की ती पूर्ण मिटत नाही. मृगाआधी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला धुवा. झडप मिटली की घरचं पाणीही अडतं, तेवढा वेळ आंघोळ-धुणं बंद. म्हणूनच छताचा पाइप त्या चेंबरमध्ये कधीच सोडू नका. शंभर चौरस मीटर छतावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5,000 लिटर पाणी. ते आपल्याच न्हाणीतून वर येईल.

नाली तासन्‌तास उतरतच नसेल तरच घरचं पाणी साठवायला टाकं आणि ते बाहेर फेकायला पंप. पंपाचा पाइप पुराच्या खुणेवर नेऊन मग नालीत उतरवा. मोठ्या पावसात लाइट जाते, हे धरूनच चाला.

शोषखड्डा काळ्या मातीत पावसाळ्यात कामाचा नाही. माती फुगते, पाणी जिरत नाही. मुरूम लागला तर वेगळी गोष्ट.