जिरो, टूर, व्हुएल्टा : कोल्हापुरात बसून पाच महिने सायकल रेस बघितली त्याचा अनुभव

यंदा २०२५ च्या मे महिन्यात एका अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, ते फक्त सायकल रेस बघायला. मे ते सप्टेंबर इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची व्हुएल्टा अशा तिन्ही मोठ्या रेस जवळजवळ रोज बघितल्या. बरेच जण विचारतात की तीन-तीन आठवडे रोज पाच तास लोकं सायकल चालवतात त्यात बघायचं काय, म्हणून सविस्तर लिहायलोय.

आधी वेळेचं सांगतो, कारण नोकरी करणाऱ्याला तेच महत्त्वाचं. युरोपात उन्हाळ्यात आपल्यापेक्षा घड्याळ साडेतीन तास मागं असतं, त्यामुळं स्टेज, म्हणजे त्या दिवसाची रेस, आपल्याकडं दुपारी चार-साडेचारला सुरू होते आणि रात्री पावणेनऊ ते सव्वानऊच्या दरम्यान संपते. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. पहिली पाळी असली की साडेतीनला सुटून घरी येऊन अंघोळ, चहा होईपर्यंत रेस नीट रंगात आलेली नसते आणि शेवटचा घाट बरोब्बर जेवणाच्या ताटावर येतो. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला की सगळं मुसळ केरात. ते दिवस मी रात्री बाराला घरी येऊन पूर्ण स्टेज मागनं बघितल्या, हायलाइट्स नाही, पूर्ण.

हायलाइट्सबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. जिरोचा पहिला आठवडा मी तेच बघत होतो, दहा मिनिटांत खेळ खल्लास, आणि मला काहीच कळत नव्हतं. कुणीतरी अचानक पळतो, बाकीचे मागं राहतात, एक जण हात वर करतो. तो पळाला तेव्हा बाकीच्यांचे पाय का संपले होते ते आधीच्या चार तासांत असतं, आणि कापतात नेमकं तेच.

मला रेस कळायला लागली ती अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे वडील, आता सत्तरीला आलेत, तरुणपणी वडणग्यातनं रोज पहाटे सायकलला किटल्या अडकवून गंगावेशीत दूध घालायला यायचे. ते पहिल्यांदा शेजारी येऊन बसले तेव्हा पडद्यावर सपाटीचा रस्ता होता, एका टीमचे पाच-सहा जण एका रेषेत, आणि मी त्यांना समजावून सांगायला लागलो की पुढचा वारा कापतो म्हणून मागच्याची ताकद वाचते वगैरे. त्यांनी मला मधेच थांबवलं. "आमी बी असंच करायचो की. शिवाजी पुलावर वारं तोंडावर आलं की म्होरच्याच्या मागं चिकटायचं, त्यो दमला की आपण म्होरं. न्हाईतर दूध पोचायचं न्हाई." कॉमेंट्रीवाले ज्याला ड्राफ्टिंग म्हणतात ते आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. त्या दिवसापासनं अण्णा रोज बसतात. इंग्रजी त्यांना कळत नाही पण रेस माझ्यापेक्षा जास्त कळते, ते पुढच्याकडं बघतच नाहीत, मागं जाऊन बाटल्या घेऊन जर्सीत कोंबून परत वर येणाऱ्याकडं बघतात.

आता ३१ मे. जिरोची विसावी स्टेज, शेवटून दुसरी, मधे कोले देल्ले फिनेस्त्रे. हा घाट साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर, आणि माथ्याकडचे साधारण आठ किलोमीटर डांबरच नाही, नुसती माती आणि खडी. अण्णा म्हणाले, "ह्यो तर आपल्या शेताकडचा रस्ता." अंदाज यावा म्हणून सांगतो, मी रविवारी सकाळी सायकलनं पन्हाळा करतो, कोल्हापूर ते पन्हाळा उंचीचा फरक साधारण चारशे मीटर. असे चार पन्हाळे एकावर एक ठेवले की फिनेस्त्रे होतो. वाघबीळच्या वर मांड्या कशा पेटतात ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिल्या नंबरवाल्याची, २१ वर्षांच्या मेक्सिकोच्या इसाक देल तोरोकडं, मागं ४३ सेकंदांवर रिचर्ड कारापाझ, आणि तिसरा सायमन येट्स, १ मिनिट २१ सेकंद मागं. येट्सची गोष्ट माहीत असल्याशिवाय हा दिवस कळत नाही. २०१८ च्या जिरोत हाच येट्स १३ दिवस गुलाबी जर्सीत होता आणि शेवटी ज्या दिवशी तो कोसळला त्या दिवशीसुद्धा वाटेत हाच फिनेस्त्रे होता. क्रिस फ्रूम तिथनं ८० किलोमीटर एकटा पळाला आणि येट्स अर्ध्या तासाहून जास्त मागं पडला. सात वर्षांनी तोच घाट. येट्स निघाला, आणि देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडं बघत बसले, तू ओढ, नाही तू ओढ. बाहेर यंदा लवकर आलेला पाऊस धो धो, आमची लाईट दोनदा जाऊन आली, मी मोबाईल डेटावर उड्या मारतोय, आणि परत चित्र आलं तेव्हा येट्स माथा ओलांडून खाली निघाला होता. पुढं त्याच्याच टीमचा वाऊट व्हान आर्ट होता. हा माणूस सकाळपासनं पुढच्या ग्रुपमध्ये, स्वतःचा डाव बाजूला ठेवून वाट बघत होता, आणि येट्स आल्यावर त्यानं त्याला खोऱ्यातनं ओढत सेस्त्रिएरेच्या चढाला नेऊन सोडलं. अण्णा ताट तसंच ठेवून उभे राहिले. "थांबला बघ त्यो. थांबला त्येच्यासाठी." मागचे दोघं त्या दिवशी येट्सच्या मागं पाच मिनिटांच्या वर आले आणि दुसऱ्या दिवशी रोममध्ये जिरो येट्सची झाली. शेवटी तो रडत होता आणि खरं सांगतो, इकडं मी पण.

तालमीत पोरगं मैदान मारतं तेव्हा त्याला रोज अंगावर घेणारे जोडीदार कुणाला दिसत नाहीत. ह्या रेसमध्ये ते दिसतात, टीमला आठ जण आणि त्यातल्या सात जणांचं काम उघड्यावर चाललेलं असतं. मला हा खेळ धरून ठेवतो तो ह्याच्यामुळं.

आता अ‍ॅपबद्दल, नाव घेत नाही. चित्र चांगलं आहे, पण मोबाईलवर बघाल तर रोजचा दोन जीबीचा पॅक एका स्टेजला पुरत नाही, वायफाय पाहिजेच. सगळ्यात वाईट म्हणजे रिप्लेच्या फोटोतच जिंकलेल्याचा चेहरा लावतात, आणि नोटिफिकेशनमध्ये निकाल. दुसऱ्या पाळीला असताना डब्याच्या सुट्टीत फोन काढला आणि टूरच्या हौतकाम घाटाचा निकाल समोर, पोगाचार दोन मिनिटांच्या वर पुढं, तो दिवस वाया गेला. कस्टमरकेअरला दोनदा लिहिलं, उत्तर साचेबंद. उपाय एकच, जूनच्या शेवटीच नोटिफिकेशन बंद करा आणि रिप्ले टीव्हीवर दुसऱ्याला लावायला सांगा. अजून एक, डोंगरात हवा बिघडली की चित्र तुटतं, तो दोष अ‍ॅपचा नाही. मोटारसायकलवरचा कॅमेरा सिग्नल वर हेलिकॉप्टर-विमानाकडं पाठवतो, ढगात ते अडचणीत येतं. ह्यासाठी चिडून सेट-टॉप बॉक्स बंद-चालू करत बसू नका.

एक वही मात्र करा. मी फुलस्केप वहीत रोज रात्री पहिल्या दहाचे वेळेतले फरक लिहितो. स्टेज जिंकणं वेगळं आणि सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज वेगळी, हे डोक्यात बसायला वहीइतकं चांगलं काही नाही. टूर ५ जुलैला सुरू झाली, दुसऱ्या दिवशी आषाढी, आई नंदवाळला दिंडीत आणि आम्ही दोघं घरी. हौतकामनंतर पहिल्या नंबरची चुरस संपलीच होती, पोगाचारनं चौथी टूर ४ मिनिटं २४ सेकंदांनी घेतली, पण वहीत तिसऱ्या नंबरला लिपोविट्झ आणि ऑनली ह्यांच्यात कोल दे ला लोझच्या घाटानंतर फक्त २२ सेकंद उरली होती. एवढ्यावर मी तीन रात्री नीट झोपलो नाही.

त्याच आठवड्यात १९वी स्टेज कापली, १३० किलोमीटरची ९५ वर आणली. कारण सांगितलं की कोल दे सेझी घाटाजवळ गुरांमध्ये रोग आलाय. मी शोधलं तर आपला लम्पी. तिकडं रोग आलेला कळपच्या कळप मारून टाकतात. अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. २०२२ ला आमच्या गाईला लम्पी झाला होता, महिनाभर त्यांनी रोज हळद-कडुनिंबाचा लेप लावला, ती जगली. "समदीच मारली?" एवढंच म्हणाले. तिथला शेतकरी सायकल रेसची वाट बघत असणार, डोंगरात वर्षातनं एकदा तर येते. त्या दिवशी ला प्लान्यला आरेन्समन जिंकला, रेस चांगली झाली, पण आमच्या घरात तो दिवस गुरांचाच राहिला.

व्हुएल्टा गणपतीत आली. ५ सप्टेंबरला आंग्लिरूचा घाट, मंडळाच्या मांडवात खुर्चीवर मोबाईल टेकवून बघितला, उद्याच्या मिरवणुकीची तयारी चालू होती. काही ठिकाणी वीस टक्क्यांच्या वर चढ, इथं कुणी पळत नाही, सगळे चालल्यासारखे जातात, आणि अल्मेदा शेवटपर्यंत पुढं राहून व्हिंगेगार्डला मागं ठेवतो. मंडळातली पाच-सहा पोरं बघायला जमली. "भावा, हे चढतंय का उभंच आहे?" असं एकानं विचारलं आणि शेवटच्या किलोमीटरला सगळी गप्प. शेवटची माद्रिदची स्टेज निदर्शनांमुळं पूर्ण झालीच नाही, जेतेपद व्हिंगेगार्डला.

नवीन सुरुवात करणाऱ्यानं टूरपासनं करावी असं सगळे म्हणतात, मी जिरो सांगेन. आणि सपाटीच्या स्टेजला टीव्ही बंद करू नका, स्वयंपाक करता करता चालू ठेवा, घाटात कोण का सुटला ते तिथं पेरलेलं असतं.

सबस्क्रिप्शन परत भरणार आहे, दर वाढलाय तरी. पुढच्या वर्षीचा टूरचा रूट आलाय, शेवटी लागोपाठ दोन दिवस आल्प द्युएझ, २१ वळणांचा घाट. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "एकाच डोंगरावर दोनदा? मग येवढी माणसं जातील कुठनं?" दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूनं जातात म्हटल्यावर नकाशा काढायला लावला. सुपरवायझरला आत्ताच सांगून ठेवलंय, २४ आणि २५ जुलै २०२६, मला पहिली पाळी पाहिजे.